शांत बसल्यावरच कोथिंबीर

सोमवार, ७ जानेवारी २००८

पाच चाळीस. गज चावणं सुरू.

आवाज कसा, तर कोणीतरी सायकलच्या चाकाच्या तारांवरून चमचा फिरवत बसावं तसा. आधी खारी, मग बटर. मी उठेपर्यंत थांबत नाहीत. उठून फ्रिज उघडला की शिट्ट्या! कोथिंबिरीची जुडी दिसली की दोघी गजांना पुढचे पाय लावून उभ्या. पाऊण-पाऊण किलोचे दोन गिनीपिग, आणि सदतीस वर्षं संसार केलेली बाई त्यांच्या शिट्टीवर धावते.

हे अंथरुणातूनच म्हणाले, "तुझ्या पाहुण्यांना चहा हवाय का तेही विचार."

पाहुणे माझे नाहीत, नातीचे आहेत. आमच्या मुलाला, दत्तूला, कंपनीने ऑगस्टपर्यंत न्यू जर्सीला पाठवलं. सून श्रद्धा आणि निशा बरोबर गेल्या, आणि बाणेरच्या फ्लॅटमधून पिंजरा आमच्याकडे शनिवार पेठेत आला. निघताना निशाने वहीचा कागद फाडून मला सूचना लिहून दिल्या. आठ वर्षांची पोर, पण अक्षर माझ्यासारखं. "खारी पांढरी आहे. बटर ब्राउन आहे. दोघींना एकत्र ठेव. मागतील तेव्हा दे."

शेवटची सूचना पाळली, ती नडली.

बुधवार, ९ जानेवारी

डॉ. सणसांकडे गेले. ते मुख्यतः कुत्र्यांचे. बाकावर एका बाजूला अल्सेशियन, दुसऱ्या बाजूला मी, मांडीवर झाकलेली टोपली. अल्सेशियनला टोपलीत फार रस होता.

"पहाटे चावायला लागल्या की तुम्ही काय करता?"

"उठून कोथिंबीर देते."

"म्हणजे त्यांनी तुम्हाला शिकवलंय," डॉक्टर म्हणाले. "चांगलं शिकवलंय. पटकन शिकलात."

मग नियम सांगितले. चावत असताना जायचं नाही, बोलायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. रागावणं हाही त्यांना खाऊच वाटतो. पूर्ण शांत झाल्या की मगच द्यायचं. गवत मात्र चोवीस तास समोर हवं आणि पिंजरा याच्या दुप्पट हवा. "सुरुवातीला त्रास वाढेल. तेव्हा तुम्ही वितळलात तर संपलं."

म्हटलं, मी कॉन्व्हेंटमधली आहे. वितळणार नाही.

गुरुवार, १० जानेवारी

बावीस मिनिटं. वितळले नाही. यांनी कानावर उशी घेतली.

शुक्रवार, ११ जानेवारी

गवताचा प्रश्न सुटला. बुधवार पेठेतल्या देवळाबाहेर मथुराबाई गाय घेऊन बसतात. लोक पेंढी विकत घेतात आणि तिथेच गाईला घालतात. मी दोन पेंढ्या घेऊन पिशवीत टाकल्या.

"गाईला न्हाई घालायच्या?"

"घरी नेते."

"घरी गाय हाय?"

म्हटलं, नाही, उंदरापेक्षा मोठं आणि सशापेक्षा लहान असं काहीतरी आहे.

"मंग नेमकं काय हाय?"

मलाही नीट माहीत नाही. आणखी एक पेंढी घेऊन गाईला घातली, तेव्हा कुठे सुटका झाली.

रविवार, १३ जानेवारी

संध्याकाळी साडेसात वाजता निशा आली. म्हणजे कॉम्प्युटरवर. तिथे सकाळचे नऊ. चित्र थांबत थांबत येतं — तोंड उघडं, मग मिटलेलं, मधलं काही दिसत नाही. मी तीन वाजल्यापासून केस विंचरून तयार होते. आठवडा त्या पाऊण तासाकडे तोंड करून बसलेला असतो.

"आजी, बटरला जवळ धर. अजून जवळ. तिचं नाक दाखव ना!" मग खारीचं नाक. मग आजोबांचं. मग म्हणाली, शाळेत तिच्या डब्याला कोणी हात लावत नाही, पोळीला हसतात. मग — "आजी, मला घरी यायचंय." आणि रडली. इकडे मीही डोळे पुसले. फोन ठेवायच्या वेळी "अजून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं" असं करत तासभर गेला.

बुधवार, १६ जानेवारी

एकोणीस मिनिटं. मग शांत. मग कोथिंबीर.

त्या शांततेत सिस्टर बेनेडिक्टांची आठवण झाली. दुसरीत त्या वर्गात उभ्या राहून विचारायच्या, "हू इज माय क्वाएटेस्ट गर्ल टुडे?" आम्ही साठ मुली ओठांवर बोट ठेवून पुतळे व्हायचो. जी सगळ्यांत गप्प, तिला सोनेरी कडेचं येशूबाळाचं चित्र. माझी वर्षभरात अकरा चित्रं झाली. माझ्या शेजारच्या हेमा दिवेकरला एकही मिळालं नाही. ती पुढे वकील झाली.

काय दिवस होते! खडूचा आणि मेणाचा वास. पांढरे मोजे. मला ती चित्रं अजून सुंदर वाटतात.

शनिवार, १९ जानेवारी

चोर सापडला. यांच्या लेंग्याच्या खिशात कोथिंबिरीच्या काड्या! मी अंघोळीला गेले की हे पिंजऱ्याशी जातात.

"अगं, माझ्याकडे बघत होती."

म्हटलं, शिस्तीत एक माणूस फितूर झाला की सगळं मुसळ केरात.

"बरोबर आहे तुझं," म्हणाले. पश्चात्ताप दिसला नाही.

रविवार, २० जानेवारी

निशा पुन्हा रडली. "मला तुझ्याकडे झोपायचंय." कॉम्प्युटरला हात लावत होती. मी पडद्याला हात लावला. काच कोमट होती.

नंतर श्रद्धाचा वेगळा फोन आला. दमलेली वाटली. "आई, तुमच्याशी बोलून झालं की तिचा अख्खा रविवार रडण्यात जातो. सोमवारी शाळेत जायला तयार नसते. हे ऑफिसला निघून जातात, मी एकटी काय करू? मला तर वाटतं, थोडे दिवस बोलणंच नको."

रविवार गेला तर मग काय उरलं?

म्हटलं, "श्रद्धा, बोलणं बंद नको करूस. मी बघते. माझ्याकडे एक पद्धत आहे."

शुक्रवार, २५ जानेवारी

सहा मिनिटं!! यांनी कॉम्प्युटरचं जुनं खोकं कापून दोघींना दोन दारांचं घर करून दिलं आणि जाळी लावून अंगण वाढवलं. कोथिंबीर आता गवतात लपवून ठेवते. शोधण्यात वेळ जातो, चावायला सवड राहत नाही. डॉ. सणसांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "वा! माझ्या कुत्र्यांच्या मालकांना तुमच्याकडे पाठवतो."

दिवसभर प्रसन्न वाटलं.

रविवार, २७ जानेवारी

निशा रडायला लागली. मी ठरवल्याप्रमाणे म्हटलं, "बाळा, रडताना आजी बोलणार नाही. शांत झालीस की मी पुन्हा दिसेन." आणि कॅमेरा बंद केला. आवाजही.

हे मागे उभे होते. "बंद कशाला केलंस?"

"शांत झाली की लावणार आहे."

"गिनीपिग आहे का ती?"

उत्तर दिलं नाही. रागावणं हाही खाऊच. हे गॅलरीत निघून गेले. मी घड्याळाकडे बघत बसले. वितळले नाही. नऊ मिनिटांनी श्रद्धाचा फोन — "झाली शांत, लावा." लावला. निशाचे गाल ओले, पण गप्प. मी लगेच बटरचं नाक दाखवलं.

रविवार, ३ फेब्रुवारी

चार मिनिटं.

रविवार, १० फेब्रुवारी

बंद करावाच लागला नाही. ओठ थरथरायला लागले तेव्हा मी नुसता माउसकडे हात नेला. पुरलं. खारी-बटरला जे शिकायला पंधरा दिवस लागले, ते निशा तीन रविवारांत शिकली. आमच्याकडची मुलं हुशारच.

पहाटेचं चावणं आता दोन-तीन मिनिटं, तेही बटरचं. मला गजर लावून उठावं लागतं!

रविवार, १७ फेब्रुवारी

निशा छान बोलली. शाळा? "फाइन." डबा? "फाइन." पाऊण तासही लागला नाही, पंचवीस मिनिटांत झालं. "अजून पाच मिनिटं" वगैरे काही नाही. टाटा करून आपणहून उठली.

मग दत्तू समोर येऊन बसला. चेहरा खुललेला. "आई, निशा एकदम रुळली गं! सगळं तुझ्यामुळे. मग आता एक विचारायचं होतं. कंपनी म्हणतेय, ऑगस्टला परत जाण्यापेक्षा अजून दोन वर्षं राहा. निशा रडत होती तोवर आम्ही नाहीच म्हणणार होतो. आता काही हरकत दिसत नाही. तुला चालेल ना?"

म्हटलं, "चालेल की."

दोन वर्षं. म्हणजे ती साडेदहाची होणार.

सोमवार, १८ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही. पेंढ्या आणल्या.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

खारी फारच गुणी झाली आहे. गज चावणं पूर्ण बंद. फ्रिज उघडला तरी शिट्टी नाही. खोक्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन शांत बसते. बक्षीस म्हणून काकडीची चकती ठेवली. तिला हावरटपणा राहिलेला नाही, बटरने खाल्ली तरी बघत राहिली. बटरने मात्र पुन्हा गज धरले. तिला म्हटलं, बहिणीकडून शीक.

रविवार, २४ फेब्रुवारी

खारीला कॅमेऱ्यासमोर धरलं. उचलताना हलकी लागली. उन्हाळा लागला की या प्राण्यांचं वजन उतरत असेल.

निशा बराच वेळ बघत होती. मग आज पहिल्यांदा तिने काहीतरी विचारलं. "आजी, खारी शिट्टी का नाही मारत?"

"अगं, शहाणी झाली आता ती. तुझ्यासारखी."



सोमवार, २५ फेब्रुवारी

सकाळी खारीची हनुवटी ओली दिसली. लाळ. रिक्षा करून डॉ. सणसांकडे. त्यांनी तोंड उघडून बॅटरी मारली. मागच्या दाढा वाढून जिभेवर कमानीसारख्या आल्या आहेत. जीभ हलत नाही. गिळता येत नाही.

"कधीपासून खात नाहीये?"

आठवून बघितलं. लसूण सोलावी तसे दिवस सोलत मागे गेले. गुरुवार? बुधवार?

"आणि तुम्ही आज आणताय?"

"ती शांत होती, डॉक्टर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नेहमीचं तिरकं काहीतरी बोलतील असं वाटलं. पण हळू आवाजात म्हणाले, "यांना रानात सगळेच खायला टपलेले असतात, बाई. दुखलं तरी दाखवत नाहीत. मागत होती तोवर ठीक होती. गप्प झाली त्या दिवशी आणायला हवी होती." मग म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं असेल. मी फक्त नियम लिहून घेतले होते.

भूल देऊन दाढा घासल्या. आता दर तीन तासांनी पिचकारीने पातळ पेज भरवायची.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

भरवते आहे. निम्मी पेज बाहेर येते. हे तिला टॉवेलात धरतात, मी पिचकारी. यांच्या हातांना हे काम छान जमतं. कोथिंबिरीची काडी नाकाशी धरली. वास घेतला. तेवढंच.

दुपारी अकरा चित्रांचा डबा काढला होता. परत ठेवून दिला.

बुधवार, २७ फेब्रुवारी

खारी गेली. सव्वाचार वाजता, यांच्या मांडीवर. काहीही आवाज न करता.

इमारतीच्या मागे तगरीखाली पुरली. हे म्हणाले, "निशाला सांगू नकोस. कशाला रडवायचं?" म्हटलं, तिची होती, सांगावंच लागेल. तिने सूचना लिहून दिल्या होत्या.

शुक्रवार, २९ फेब्रुवारी

बटर दिवसभर गज चावते. चावली की मी उठते आणि देते.

शनिवार, १ मार्च

उद्या ती खूप रडेल. रडू देणार आहे. कितीही वेळ. श्रद्धाला फोन करून सांगितलंय, उद्याचा रविवार खराब जाईल, सांभाळून घे.

रविवार, २ मार्च

सांगितलं.

निशा हलली नाही. चित्र अडकलं असं वाटलं, पण मागे पडदा हलत होता. तिने ओठ आत ओढून घेतले होते. माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. माझा हात कुठे आहे ते बघत होती.

मग म्हणाली, "मी रडत नाहीये हं, आजी. बंद नको करूस."