तिसऱ्या कडव्याशी थांबलेली गाडी

३ मार्च

ज्याच्या इच्छेवाचून पापणीही लवत नाही, त्या दयाघनाला आधी वंदन, मग मजकूर.

चि. फौजदारीणबाई हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नेमणुकीची बातमी वर्तमानपत्रात वाचली. ठाण्यात मंजूर जागा अकरा, रिकाम्या सहा. त्यातली एक तू भरलीस. तुझी आई काळजीने अर्धी झाली आहे. मी म्हटले, उरलेल्या पाच जागाही आपली नात एकटीच भरून काढील!

गुरुवारी सकाळी प्रवचनाला तुझ्याच नाक्यावरून जाईन. ते फुंकर मारायचे यंत्र म्हाताऱ्यांपासून लांब ठेव. पंचेचाळीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही, की नित्यपाठात कानामात्रेची चूक नाही. सर्दीने बेजार आहे. कालपासून गोळ्या चालू आहेत, इतकेच.

तुझा,
आबा

१० मार्च

ती. आबांस, सा. न. वि. वि.

गुरुवारपासून तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून हे पत्र.

नाक्याशी येईपर्यंत तुमची गाडी दोनदा पांढरी रेघ ओलांडून गेली. दारू तपासायच्या यंत्राने शून्य दाखवले. हवालदार म्हणाले, मॅडम, आजोबाच आहेत, जाऊ द्या. माझाही जीव तेच म्हणत होता. पण मी तुम्हाला नित्यपाठ म्हणायला लावला आणि तुम्ही तिसऱ्या कडव्याशी तीनदा अडलात. तुमच्या मांडीवर बसून मी तो शिकले, आबा. तुम्ही तिथे अडणे शक्यच नाही. मग गोळ्यांचे पाकीट पाहिले. बारीक अक्षरांत लिहिले होते: झोप येते, वाहन चालवू नये.

घरी सोडायला माणूस नव्हता. आम्हा सहा जणांपैकी दोघे कोर्टात, दोघे बंदोबस्तावर. म्हणून बाबा येईपर्यंत चार तास बाकावर बसवले. नोंदवहीत तुमचे नाव मीच लिहिले. गाडी ठाण्याच्या आवारात आहे, किल्ली माझ्या टेबलात.

किल्ली हवी तेव्हा मागा. माया मात्र मागे घेऊ नका.

तुमची,
नात

१४ मार्च

चि. फौजदारीणबाई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिला तासभर मी रागाने धुमसत होतो, हे कबूल. पण नजर तुझ्यावरून हलेना. तुझ्या दुप्पट देहाचा ट्रकवाला अंगावर ओरडला, तू आवाजही चढवला नाहीस. शाळेच्या बसचालकाला तपासून सोडलेस, तेव्हा खिडक्यांतून तीसेक चिमुकले हात तुझ्याकडे पाहून हलले. त्या मुलांना काय ठाऊक, तू काय पाहत होतीस! ईश्वराचे विराट रूप मी जन्मभर ग्रंथांत शोधले. खाकी कपड्यांत, घामेजल्या कपाळाने ते समोर उभे राहील, असे वाटले नव्हते.

आता जे फोनवर सांगता येईना, ते लिहितो. मध्येच माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा डोक्याखाली तुझे जाकीट होते आणि घड्याळात पावणेअकरा. तू अडवले नसतेस, तर त्या घडीला मी नदीच्या पुलावर असतो. त्याच पुलावर, चिमणे, जिथून ती शाळेची बस पुढे गेली.

औषध संपेपर्यंत किल्ली तुझ्याच टेबलात राहू दे. उरलेल्या पाच जागा भराव्यात, असा अर्ज केला आहे. प्रवचनाच्या साऱ्या श्रोत्यांनी सह्या केल्या. आज सकाळी तिसरे कडवे न अडखळता म्हटले आणि मगच हे पत्र लिहायला घेतले.

तुझे आणि हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाचे माणूस जागत्या डोळ्यांनी घरी पोहोचो. त्या दयाघनाची पापणी आपणा सर्वांवर उघडी राहो.

तुझा ऋणी,
आबा