ओवाळणीतल्या पुड्या

प्रिय बाबा,

तुम्हाला लिहायचं मी कितीदा ठरवलं आणि कितीदा टाळलं. एकदा तर गोल बाजारात वही घ्यायला गेलो आणि चप्पल घेऊन परत आलो. तुम्ही म्हटलं असतं, या पोट्ट्याचं काही खरं नाही. नाहीच आहे. पण आज लिहून राहिलो, कारण काल आत्याकडे गेलो होतो. भाजी निवडून ती उठली ती अगदी तुमच्यासारखी. आधी भिंतीला हात, मग उजव्या मांडीला हात, मग तोंडातल्या तोंडात "काही नाही, काही नाही."

मी ओळखलं, बाबा. ती तुमचीच पुडी खाऊन राहिली. अजूनही!

आठवते का, बीरगावच्या पुढं त्या वैद्य महाराजाकडे तुम्ही मला मोपेडवर मागे बसवून न्यायचे? रांगेत आपल्या पुढं गुडघे धरून एक बाई असायची, तिच्या पुढं अंग खाजवणारा माणूस, आणि तुम्हाला दमा. तिघांनाही एकच राखाडी पुडी. मी विचारलं होतं, रोग तीन अन् दवाई एकच काहून? तुम्ही म्हणाले, चूप राह्य, महाराजच्या हाताला गुण आहे.

गुण यायचा, हे मी नाकारत नाही. जिना चढताना दोनदा बसणारा माणूस पुडी घेतल्यावर आंब्याची पेटी खांद्यावर घेऊन वर यायचा. वर्कशॉपातली रजा बंद झाली. चेहरा भरला, गाल गोल झाले. पुरानी बस्तीतले लोक म्हणायचे, भैया, क्या सेहत बनाई है. आईनं तर तुमची दृष्ट काढली होती. तो गोलपणा म्हणजे सूज होती, हे डॉक्टरनं सांगितलं तेव्हा तुम्ही त्याच्यावरच चिडले.

मांडी दुखते म्हणून दवाखान्यात गेलो, त्या दिवशीचं तुमचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. डॉक्टरनं विचारलं, कधी स्टेरॉइड घेतलं का? तुम्ही छाती काढून म्हणाले, अंग्रेजी गोळीला आपण हातसुद्धा लावत नाही. मग त्यानं एमआरआयची फिल्म उजेडात धरली. खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचत नाही, हाड आतून मरून राहिलं, म्हणून चालताना दुखते. तो अडून नव्हता बसला, बाबा. म्हणाला, बरेच दिवस स्टेरॉइड पोटात गेलं तर असं होऊ शकते, दारूनंही होते, कधी कधी कारण सापडतच नाही. एक पुडी आणून द्या, त्यात काय आहे ते तपासून घेऊ.

एक पुडी! एवढंच मागितलं होतं त्यानं. दिली का तुम्ही? बाहेर येऊन मलाच म्हणाले, "महाराजची परीक्षा घेऊ काय मी?"

त्यानंतर मी रायपूरबाहेर नव्या राजधानीत कामाला होतो, साहेब लोकांचे बंगले जिथं होणार तिथं खुंट्या ठोकत. मोकळं रान, वारा असा की टोपी उडाली की थेट पुढच्या गावाला. एक म्हैस रोज येऊन आमच्या खुंट्या पाडायची... जाऊ द्या, कुठून कुठं गेलो. सांगायचं हे की मी परत आलो तेव्हा तुम्ही खाटेला लागले होते. मग छाती भरली, आणि तुम्ही गेले. पुडीनं गेले की दम्यानं? खुबा कशानं गेला? आता कोण सांगणार? धड कोणावर चिडावं तेही कळू दिलं नाही तुम्ही.

आणि आत्या? दर भाऊबीजेला दुसऱ्यांचे भाऊ साडी द्यायचे, तुम्ही तिच्या ताटात स्टीलचा डबा ठेवायचे, तिच्या गुडघ्यांसाठी पुड्यांनी भरलेला. साडी फाटते, पाय पुरतात, असं म्हणायचे. साऱ्या पाऱ्यात, घरोघरी, तिनं ते कौतुकानं सांगितलं. तुम्ही गेल्यावर आत्याचे मालक, फुफाजी, तोच डबा महाराजाकडून भरून आणतात. काल मी तिला म्हटलं, आत्या, एक पुडी मले दे, तपासून आणतो. तिनं डबा पदराखाली घेतला.

"भावाची ओवाळणी तपासाले देऊ काय रे? त्याच्या हातचं खोटं कसं असंल?"

 

डबा हिसकून नाल्यात फेकणार होतो. बाहेर जाऊन डॉक्टरला फोन केला, तर तो म्हणे, असं अजिबात करू नका. त्यात स्टेरॉइड असलं आणि एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकते, शरीराला त्याची सवय झाली असते. त्यांना घेऊन या, हळूहळू कमी करू. म्हणजे फेकायचीही सोय नाही! खाल्ली तरी भीती, सोडली तरी भीती. अशी कशी ओवाळणी दिली हो बाबा तुम्ही?

डॉक्टरचं हेच सांगायला परत आत गेलो तर फुफाजी दारात उभे. म्हणाले, तेरे बाप की दी हुई चीज़ है, तू कौन होता है छीननेवाला? आणि वर, या घरात पुन्हा पाय ठेवू नको. भिलाईचा एक ट्रकवाला कधीचा सोबत चल म्हणून राहिला. कालच निघून जावंसं वाटलं, खरंच.

नाही गेलो. बाबा, तुम्हाला शब्द देतो. आत्याच्या खुब्याची फिल्म निघेपर्यंत मी रायपूर सोडणार नाही. उद्या पुन्हा जाईन, फुफाजी कितीही हाकलोत. तुमची निंदा तिच्यासमोर करणार नाही. तुम्हालाही कोणी सांगितलं नव्हतं पुडीत काय आहे ते, एवढंच सांगेन. तुम्ही तिला जीव लावूनच दिलं, हे मला माहीत आहे. त्याचाच तर राग येतो.

थांबा, खाली कोणी हाक मारून राहिलं.

बाबा, फुफाजी आले! आपल्या गल्लीत ऑटो उभा केला आहे. मागच्या सीटवर आत्या उजवा पाय लांब करून आडवी बसली आहे, तिला उतरता येत नाही. फुफाजी वर बघून विचारून राहिले, "बेटा, तुझा तो डॉक्टर किती वाजेपर्यंत बसते?"

निघतो.

तुमचा,
बबलू