दोन डाव्या बाह्या

तारकर्ली, रविवार, २३ नोव्हेंबर १९५८

आईच्या तेराव्याला मामाने दुखवट्याचं निळं छापील कापड दिलं होतं. त्याचं पोलकं आज शिवायला घेतलं. आजवर माझी पोलकी आईच शिवायची. उजवी बाही तीनदा बसवली, तीनदा उसवली. मग कळलं, दोन्ही बाह्या मी डाव्याच कापल्या आहेत. आई कापड दुमडून दोन्ही एकदम कापायची. इतकी वर्षं बघूनही विसरले कशी? आणि आता कापडही उरलेलं नाही.

काकी ओटीवरून हसली. "दोन डावे हात कोणाक आसतत गो? तुझी आवस वर हसत आसतली. दी ता शिंप्याक."

"नाही देणार," एवढंच म्हणाले. आईने माझं माप कधी शिंप्याला घेऊ दिलं नाही.

शेवटी एक बाही उलटी करून उजवीकडे लावली. बसली! पण कापडाची फिकट बाजू वर आली. डावीकडे असती तर पदराखाली झाकली तरी असती.

उद्या शाळा उघडते. हेच पोलकं घालून वर्गावर जाणार. फळ्यावर लिहिताना नेमका तोच हात वर जाईल. जाऊ दे.