मेघाने वेगळे काढलेले एक्केचाळीस दाणे

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
'उमलती प्रज्ञा' बालवर्ग विभागीय निवड कक्ष, धुळे.

विषय : कु. मेघा पुना महाजन (वय साडेचार) हिचे वर्गीकरणातील शून्य गुण दुरुस्त करणेबाबत. (अर्ज तिसरा)
संदर्भ : अर्जदारास मिळालेले ताकीदपत्र, दि. १९ जानेवारी २०२६.

महोदय,

१. अर्जदार एकवीस वर्षे अंगणवाडी सेविका आहे. हुशार मुले हेरून पारोळ्याच्या प्रगत बालवर्गात पाठवण्यासाठीची चाचणी तिनेच घेतली. चाचणीचे रंगीत मणी आलेच नाहीत. आपल्या फोनवरील सूचनेप्रमाणे तिने कोठीतली तूर, मूग, चवळी एकत्र करून मुलांपुढे ठेवली. ते धान्य आधी निवडून घ्यायला हवे होते. घेतले नाही, ही चूक अर्जदाराची.

२. रंगाप्रमाणे तीन वाट्या भरायच्या होत्या. मेघाने दोनच भरल्या. एकीत धड दाणे, दुसरीत किडके. "हाई किडेल शे बाई, हाई उगत नही," असे तिने सांगितले. तिची आजी घरी बियाणे असेच निवडते. उत्तरतक्त्यात हे उत्तर नव्हते, म्हणून अर्जदाराने शून्य मांडले. त्या शून्याची तिला आजही लाज वाटते. मेघाची निवड सहा गुणांनी हुकली. आईने दप्तर आधीच आणून ठेवले होते.

३. पहिल्या अर्जावर गुणांबद्दल चकार शब्द आला नाही. उलट किडके धान्य वापरल्याचा खुलासा मागवला आणि त्यात किडके दाणे किती, असे विचारले. अर्जदाराने मेघाची दुसरी वाटी मोजून एक्केचाळीस कळवले. आपण तो आकडा बिनचूक धरून अर्जदारास ताकीद दिली. ताकीद मान्य आहे. पण ज्या निवडीवर ताकीद उभी आहे, तिलाच शून्य कसे?

४. दुसऱ्या अर्जावर कळले की फेरचाचणी पाच वर्षे पूर्ण झाल्यावरच होते, आणि प्रवेश पाच वर्षांच्या आतच मिळतो. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे अर्जदार जाणते; पण सहा महिन्यांत मेघा पाच वर्षांची होईल. धुळ्याचे हेलपाटे घालून अर्जदार थकली आहे.

५. तरी गुण दुरुस्त व्हावेत. मेघा हल्ली रोज कोठीपाशी बसून तीन वाट्या भरते. किडके दाणेही रंग पाहून त्यातच टाकते आणि विचारते, "बाई, आते बरोबर शे ना?" तिला काय सांगावे, तेवढे लेखी कळवावे.

आपली नम्र व दमलेली,
भिकुबाई वना सोनवणे
अंगणवाडी सेविका, ता. पारोळा
दि. ९ फेब्रुवारी २०२६

सोबत : १) ताकीदपत्राची प्रत.
२) किडके दाणे, नग ४१, कागदाच्या पुडीत.