मनगटावरची बोटं

प्रिय आई,

नमस्कार. आधी तुझ्या मनातलं सांगून टाकते: मी वेळेवर जेवते आणि खोलीत आता ऊनही येतं. तुझे गुडघे कसे आहेत?

वॉर्डात माझ्याकडे एक यंत्र असतं. ते पेशंटचं रक्त नळीतून बाहेर घेतं, त्यात प्राणवायू भरतं आणि परत अंगात सोडतं. परवा एक बाई आल्या. खोकल्यावर म्हणून त्यांनी अडुळसा समजून कण्हेरीच्या पानांचा काढा घेतला होता. आपल्या कुंपणाला आहे तीच कण्हेर. विषाने त्यांचं हृदय थांबलं, पण यंत्राने त्यांना धरून ठेवलं. मॉनिटरवर नुसती सरळ रेघ, आणि बाईंचे डोळे टक्क उघडे! पाय चांगले गरम.

अशा पेशंटच्या मनगटांना आम्ही मऊ कापड गुंडाळतो, त्यांनी स्वतःची नाडी शोधू नये म्हणून. गडबडीत मी ते विसरले. त्यात बाई निघाल्या जुन्या नर्स. त्यांची बोटं सवयीने मनगटावर गेली, जागा बदलत राहिली, मग थांबली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली.

घाबरू नकोस, काल त्यांचं हृदय सुरू झालं. पण मनगटावरची बोटं त्या अजून काढत नाहीत. हे लिहिताना मीसुद्धा पेन ठेवून माझी नाडी पाहून घेतली.

बाकी मी मजेत.

तुझी धाकटी

ता.क. बाबा जेवल्यावर दात कोरायला कुंपणातली काडी मोडतात ना? ती कुठल्या झाडाची, तेवढं आत्ताच उठून बघ.