गोळा पडण्याची वेळ

जहाजावरून, ३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

खोकला गेला. तू शिवलेली बंडी अंगात शिरत नाही, कारण आमचा खानसामा चांगला आहे. आता कामाचं, आणि हे फक्त तुझ्यासाठी.

जहाजाचं घड्याळ माझ्या ताब्यात असतं. आपलं बंदर सोडताना भाऊजी मनोऱ्यावरचा गोळा दुपारी एकला खाली सोडतात, त्यावर मी ते ताडून घेतो. भर समुद्रात आपण पूर्वेला किती, पश्चिमेला किती, हे त्या घड्याळावरूनच काढायचं. चार सेकंद चुकले, की नकाशावर जहाज मैलभर सरकतं. या खेपेला पहाटे खडकांवर फुटणाऱ्या लाटा समोर दिसल्या. आमच्या हिशेबाने ते खडक अजून लांब होते. थोडक्यात वाचलो. कप्तानांना वाटतं, मी चावी द्यायला विसरलो. पुन्हा असं झालं तर घरी बस म्हणाले. पण दुसऱ्या बंदरातून निघालो की घड्याळ चोख. चूक निघते ती आपल्याच बंदरातून निघालो की.

ताई, राग मानू नकोस. भाऊजी हल्ली दुपारी असतात कुठे? पत्त्यांचा अड्डा, बाटली, काही कानावर आलंय? त्यांना न विचारता बघ.

या पत्रानंतरही तुझा लोभ टिकावा.
धाकटा

१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा कान पिरगाळावासा वाटला. ज्या माणसाला चहाला झालेला उशीर खपत नाही, तो गोळ्याला उशीर करील? चावी द्यायला तूच विसरला असशील. दप्तर घरी ठेवून शाळेत जाणारा तूच ना.

एवढं लिहून पत्र बाजूला ठेवलं होतं. पण संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की उतरत नाही. मी रोज डबा मनोऱ्यावर न्यायचे, आता खालीच ठेव म्हणतात, जिना धोक्याचा झालाय म्हणे. वर्तमानपत्र बंद केलं, रोज तेच ते असतं म्हणून. परवा शेजारच्या मास्तरीणबाई समोरून आल्या, तर ओळख न दाखवता पुढे गेले. एवढं तोडून वागायचं म्हणजे दोघांत काहीतरी असणार, असं मला वाटलं. हसू नकोस. तिच्याशी मी धड बोलत नाहीये.

माझ्यावर माया असू दे, यांच्यावर डोळा मी ठेवते.
ताई

२२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मास्तरीणबाईंचं पटत नाही, जिन्याचं मात्र खटकतं. महिनाअखेर आम्ही येतोय, पण जहाज बाहेरच नांगरणार, मला उतरता येणार नाही. माल चढला की त्याच गोळ्यावर निघायचं. त्याआधी वर जाऊन ये. भाऊजींची बाजू घ्यायची तर घे, पण डोळ्यांनी बघून घे.

तुझ्या आशीर्वादाच्या भरवशावर,
धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही निघालात त्या दिवशी गोळा पडलाच नाही, वेळ धरू नका म्हणून निशाण चढलं. ते का, ते सांगते.

आदल्या दिवशी डबा घेऊन वर गेले. घड्याळाचं काचेचं दार उघडं होतं आणि हे बोटाने सेकंदकाटा चाचपत होते. बोट लागलं की काटा अडखळायचा. मग अंदाजाने गोळा सोडायची कळ दाबली. नाक काट्याला टेकलं होतं, तरी दिसत नव्हतं. वर्षभरापासून नजर जात होती. रोज सकाळी तारमास्तर वेधशाळेच्या तारेवर घड्याळ बरोबर करून जायचा, म्हणून कुणाला पत्ता नाही.

पायरवावरून त्यांनी मला ओळखलं. निवृत्तीला थोडेच महिने उरलेत, गप्प राहा, नाहीतर नोकरीचं घर जाईल, म्हणाले. मी म्हटलं, उद्याच्या जहाजावर माझा भाऊ आहे. तेवढ्या जहाजापुरतं सांभाळून घेतो, असं ते म्हणाले, तेव्हा मात्र मला राग आला. बाकीच्या जहाजांवर कुणाचे भाऊ नसतात का, असं विचारलं. हात धरून मीच त्यांना बंदरच्या साहेबांकडे नेलं.

साहेबांनी तुमच्या कप्तानांना कळवलंय, तुझ्यावरचा ठपका गेला. आमचं घर गेलं. गोदीमागे दोन खोल्या घेतल्यात. सामान हलवायला मास्तरीणबाई आपणहून आल्या, मला मान वर करवेना.

हे माझ्याशी बोलत नव्हते. काल दुपारी मी खिडकीत कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात मनोऱ्यावरून गोळा खाली आला. यांनी आतून विचारलं, पडला का. मी हो म्हटलं. मग, नवा माणूस कसा आहे, म्हणाले. इतक्या दिवसांत ते पहिलं बोलणं.

येशील तेव्हा सरळ इकडेच ये. त्यांच्यासमोर अपराधी होऊ नकोस. तोंड दिसणार नाही त्यांना, पण आवाजातलं सगळं कळतं.

लोभ आम्हा दोघांवरही ठेव.
ताई