आत्याची कवळी आणि फुकटची सिस्टिम

तीर्थरूप आत्यांस,

कवळ्या करणाऱ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (समोर आलो की मी 'अगं आत्या' म्हणतो, पण पत्रात वडीलधाऱ्यांना 'तुम्ही'च लिहायचं हे तुम्हीच मला पाचवीत डावा कान धरून शिकवलंत.) आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमची तब्येत कशी आहे? काकांचा गुडघा काय म्हणतो? भूक लागते ना? आणि लागली तर चावता येतं ना? सहज आपलं विचारतो. नऊ दिवसांपूर्वी तुम्हाला मिळालेल्या कवळीबद्दल तुमचं 'दात उत्तम बसले' असं पत्र आलं, वाचून ऊर भरून आला. तरीपण खाली डावीकडे काही टोचतं का? बोलताना काही निसटल्यासारखं वाटतं का? शनिवारी चारशे माजी विद्यार्थ्यांपुढे तुमचं भाषण आहे आणि त्यासाठीच ही कवळी केली, म्हणून जिवाला घोर.

आता हकिकत सांगतो. माझं काम तुम्ही पाहिलंच आहे. हिरड्यांचा प्लास्टरचा साचा करायचा, त्याची मापं संगणकात घ्यायची, पडद्यावर दात मांडायचे आणि 'कापा' हे बटण दाबलं की मागच्या खोलीतलं यंत्र गुलाबी चकतीतून हिरड्या आणि पांढऱ्या चकतीतून दात कोरून देतं. हे सगळं ज्या प्रोग्रॅमवर चालतं तो पंधरा वर्षांचा आहे. तो लिहिणारी कंपनी कधीच बुडाली. गेल्या महिन्यात संगणकानेही राम म्हटला. नवा आणला, तर त्याची नवीकोरी सिस्टिम माझ्या प्रोग्रॅमला ओळखच दाखवेना. (बढती मिळालेला चुलतभाऊ लग्नात दाखवत नाही तशी.) आमची ही, म्हणजे तुमची सूनबाई, म्हणाली, जुनाच संगणक दुरुस्त करून घ्या. सरळ सल्ला होता, म्हणून मी तो ऐकला नाही.

कारण मला तोवर एक फुकटची सिस्टिम सापडली होती! आत्या, काय सांगू, जगभरची माणसं आपापली नोकरी सांभाळून, कुणाकडून छदाम न घेता, अशी एक सिस्टिम लिहीत बसली आहेत की जिच्यात जुन्या सिस्टिमचे सगळे प्रोग्रॅम चालावेत. आतलं सगळं उघडं, ज्याला वाटेल त्याने वाचावं, सुधारावं. मला तर भरूनच आलं. पंचवीस वर्षं हे काम चालू आहे आणि आवृत्तीचा आकडा अजून शून्य पूर्णांक चार. पंचवीस वर्षांत एक पूर्ण झालेला नाही. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ही सिस्टिम अजून कच्ची आहे, महत्त्वाच्या कामासाठी वापरू नये. मी समजलो, विनय आहे. आपणही पाहुण्यांना वाढताना 'काही विशेष केलेलं नाही' म्हणतोच की.

बसवली. चालू झाली! मी लॅबमध्ये अक्षरशः नाचलो, दोन साचे फुटले. पहिल्या दिवशी सगळं जांभळं दिसत होतं, पण दात जांभळे दिसले म्हणून हिरड्यांना काय फरक पडतो? आवाज फक्त माऊस हलवला तरच यायचा. घड्याळाने मला माझ्या जन्माच्या आधीची तारीख दाखवली, तीही मी तरुण झाल्यासारखी स्वीकारली. दुसऱ्या दिवशी सूनबाईला अभिमानाने सांगितलं, बघ, सकाळपासून एकदाही बंद पडली नाही, याला म्हणतात स्थैर्य. ती म्हणाली, माऊस हलवून दाखवा. हलेना. सकाळी सव्वानऊलाच गोठली होती बिचारी. गोठलेली सिस्टिम आणि स्थिर सिस्टिम लांबून सारख्याच दिसतात, हे ज्ञान मला तेव्हा झालं. त्यानंतर पडद्यावरची खिडकी लहान करायची नाही, मोठी करायची नाही, चहाचा कप टेबलावर जोरात ठेवायचा नाही, असे नियम मी भिंतीवर लावले आणि मग मात्र ती गुणी मुलीसारखी चालली.

अडलं की विचारायला त्या लोकांची एक चर्चेची जागा आहे. मी तिथे माझ्या तक्रारी लिहायचो आणि दहा मिनिटांत कुठून तरी कुणी तरी सज्जन उत्तर द्यायचा: 'आमच्याकडे चालतंय.' एवढंच. आत्या, सुरुवातीला राग आला, पण मग लक्षात आलं की हे तर माझंच वाक्य आहे! गेली वीस वर्षं कुणीही कवळी घेऊन आलं, टोचते म्हणालं, सैल आहे म्हणालं, की मी हसून म्हणतो, 'दोन आठवडे राहू द्या, सवय होईल.' आणि लोक निमूट जातात. आमच्या धंद्याचा पायाच तो आहे. मीही मग सिस्टिमची सवय करून घेतली आणि त्या आठवड्यात चार कवळ्या धडाधड काढल्या: एका निवृत्त न्यायाधीशांची, गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका गृहस्थांची, तुमची आणि बासरी शिकवणाऱ्या मास्तरांची. चौघांनाही ठरलेलं वाक्य सांगितलं (तुम्हाला चिठ्ठीत लिहून), आणि एकाचीही तक्रार आली नाही. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र ते कोणतं?

असो. काकांना नमस्कार. भाषणाला शुभेच्छा.

तुमचा आज्ञाधारक (बहुतेक वेळा),
भाचा

ता. क. या पत्रासोबत एक डबी आहे. ती आधी उघडा. आतली कवळी तुमची. तोंडातली तुमची नव्हे. ती काढून त्याच डबीत घालून उलटटपाली पाठवा, फार फार उपकार होतील.

दुसरा ता. क. घाबरू नका, तोंडातली कवळी स्वच्छ आहे, कुणीही वापरलेली नाही, फक्त ती गाडीवाल्या गृहस्थांच्या मापाची आहे. झालं असं की माझा प्रोग्रॅम या सिस्टिमवर एक पाऊल मागे चालतो. 'कापा' म्हटलं की पडद्यावरचं काम बाजूला ठेवतो आणि त्याच्या आधीचं कापतो. (ही खोड सिस्टिमवाल्यांच्या चुकांच्या यादीत आठ वर्षांपासून लिहिलेली आहे, मीच वाचली नव्हती.) त्यामुळे गाडीवाल्यांना न्यायाधीशांची गेली, तुम्हाला गाडीवाल्यांची आणि मास्तरांना तुमची. न्यायाधीशांच्या आधी काहीच नव्हतं, म्हणून त्यांना प्रोग्रॅमसोबत आलेली नमुन्याची कवळी मिळाली, जाहिरातीतल्या नटासारखी. ते हल्ली सारखे हसतात आणि परत द्यायला तयार नाहीत. प्रत्येक कवळी साच्यावर बसवून पाहायची असते, हे मला विसाव्या वर्षापासून माहीत आहे. त्या आठवड्यात मी एकही बसवून पाहिली नाही. सिस्टिमचा त्यात काही दोष नाही, तिने तर पहिल्याच पानावर सांगितलं होतं.

तिसरा ता. क. नवी कवळी बटण दोनदा दाबून काढली आहे आणि सूनबाईच्या डोळ्यांदेखत तुमच्या साच्यावर बसवून पाहिली आहे. आता खरं सांगतो. हे सगळं आज कळलं ते यंत्रामुळे नव्हे. सूनबाईने सकाळी फोन केला, तो काकांनी घेतला. तुम्ही आंघोळीला गेला होतात म्हणून ते बोलले. म्हणाले, नऊ दिवस ही नुसत्या पातळ खाण्यावर आहे, हिरडीला फोड आलाय, भाषणाची तालीम तोंडावर हात ठेवून करते, पण पोराला कळवायचं नाही म्हणते, त्याने एवढ्या हौसेने केलंय. फोन ठेवल्यावर मी ती चुकांची यादी पहिल्यांदा उघडली आणि सगळा घोळ कळला. आत्या, माझ्या वहीतला एक चुकलेला हातचा तुम्ही कधी सोडला नाहीत, सगळ्या वर्गासमोर उभं करून पुन्हा मांडायला लावलात. आणि मी तुमच्या तोंडात परक्याचे दात घातले, तर 'उत्तम बसले' म्हणून लिहिता? असे फुकटचे गुण मला नकोत. नवी कवळी आज लावा, भाकरीचा कडक तुकडा घ्या, डावीकडे चावा, आणि जराही टोचली तर लगेच फोन करून मला चांगलं झापा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तुमची शिवी आली नाही, तर शनिवारी सकाळी कवळी घासायची कानस घेऊन मी स्वतः दारात उभा राहीन.